शेतीतलं संशोधन बाजारात न्यायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी संशोधकांचं काम लॅबमधून बाहेर काढून प्रॉडक्ट म्हणून उभं करायला मदत करणं हे माझं रोजचं काम. दर आठवड्याला काही मेल असे येतात की वाचताना वाटतं, अरे हे परवाच कुणाला तरी लिहिलं होतं. म्हणून ते प्रश्न एका जागी केलेत, साधारण ज्या शब्दांत येतात त्याच शब्दांत. सुरुवातीचे प्रश्न नवीन लोकांसाठी आहेत, खाली जाल तशी गुंतागुंत वाढते. फार घाईत असाल तर निदान ४ आणि ५ वाचल्याशिवाय पेपर, पोस्टर, पीपीटी काहीही कुठे पाठवू नका, एवढी कळकळीची विनंती.

१. माझं संशोधन बाजारात जाण्यासारखं आहे का नाही हे मला कसं कळणार?

तुमचा रिझल्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी हे सांगा की त्याच अडचणीवर शेतकरी आज काय करतोय. काहीतरी करतोच तो, औषध मारतो, मजूर लावतो, नाहीतर नुकसान सोसून गप्प बसतो. तुमची स्पर्धा त्या सवयीशी आहे.

परड्यू युनिव्हर्सिटीच्या लॅरी मर्डॉक यांचं काम मला यासाठी फार आवडतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये साठवलेल्या चवळीला भुंगा लागायचा आणि त्या भीतीने लोक काढणी झाल्या झाल्या, भाव पडलेला असतानाच माल विकून टाकायचे. त्यावर निघालेला उपाय म्हणजे तीन थरांची पिशवी, आत पॉलिथिनच्या दोन आणि बाहेरून विणलेलं पोतं, तोंड घट्ट बांधलं की आतला ऑक्सिजन संपत जातो आणि भुंग्याची वाढ थांबते. दाण्याला औषध लावायची गरज नाही, मशीन नाही, पोतं बांधणं तर शेतकऱ्याला येतच होतं. तरीसुद्धा या 'पिक्स' पिशव्या मोठ्या प्रमाणावर पोचवण्याचं काम २००७ मध्ये सुरू झालं, कारण पिशवी बनवणारा कारखाना, ती ठेवणारा दुकानदार आणि दाखवून पटवणारी माणसं हे सगळं वेगळं उभं करावं लागलं.

शेतकऱ्यांना भेटाल तेव्हा "असं काही आलं तर आवडेल का?" हे विचारू नका, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून सगळे हो म्हणतात. मागच्या हंगामात या अडचणीवर किती पैसे आणि किती दिवस गेले ते विचारा. उत्तर पटकन आणि आकड्यात आलं तर तुमच्या हातात काहीतरी आहे.

२. ट्रायलचे रिझल्ट उत्तम आहेत, मग कंपन्या "अजून तयार नाही" असं का म्हणतात?

ट्रायलमध्ये तुम्ही दाखवलंत की गोष्ट काम करते. कंपनीला बघायचं असतं की ती बाटलीत भरल्यावर, ट्रकमध्ये तापल्यावर, गोडाऊनमध्ये सहा महिने पडून राहिल्यावर आणि तुमचा पेपर कधीच न वाचलेल्या माणसाने घाईघाईत वापरल्यावरही काम करते का. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणारं पायरेथ्रिन किडी मारतं हे फार जुनं ज्ञान, पण ते उन्हात विघटित व्हायचं, त्यामुळे घरात चालायचं आणि शेतात टिकायचं नाही. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात मायकेल इलियट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं रेणूत बदल करून १९७३ मध्ये परमेथ्रिन जाहीर केलं, ते उन्हात टिकलं आणि तिथून पायरेथ्रॉइड्सना, म्हणजे पायरेथ्रिनच्या धर्तीवर बनवलेल्या कृत्रिम कीटकनाशकांना, शेताची दारं उघडली.

उलटी बाजू म्हणजे फ्लेव्हर सेव्हर टोमॅटो. १९९४ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला, फळ लवकर मऊ पडू नये म्हणून केलेला जनुकातला बदल व्यवस्थित काम करत होता, पण ज्या वाणात तो घातला ते शेतात फारसं उत्पन्न देईना आणि पिकलेलं फळ हाताळणी-वाहतुकीत मार खायचं, काही वर्षांतच तो बाजारातून गेला.

आमच्याकडे एका संशोधकांचं जिवाणूचं द्रवरूप खत आलं होतं, प्लॉटमध्ये अप्रतिम. बाटल्या भरून साध्या गोडाऊनमध्ये ठेवल्या आणि तीन आठवड्यांनी बघायला गेलो तर बाटल्यांचे तळ फुगून गोल झालेले, एकही नीट उभी राहीना, आणि झाकण जरा सैल केलं की फस्सकन आंबट वास. वाढीच्या माध्यमातली साखर उरली होती आणि जिवाणू ती खात बसले होते. तो फॉर्म्युला सुधारायला पुढचं दीड वर्ष गेलं. म्हणून पहिली यशस्वी ट्रायल झाली की त्याच आठवड्यात काही नमुने गरम खोलीत ठेवून द्या आणि दर महिन्याला तपासा. बियाण्यावर लावायची पावडर असेल तर ते बी खऱ्या पेरणी यंत्रात घालून बघा, चकतीच्या भोकात चिकटतं का ते.

३. शोध मी लावला, मग मालकी संस्थेची कशी?

बहुतेक नोकरीच्या करारात तसं लिहिलेलं असतं, एकदा काढून वाचा. शोधकर्ता म्हणून तुमचं नाव राहतं, तो हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही, पण विकायचा किंवा लायसन्स द्यायचा अधिकार साधारणपणे संस्थेकडे आणि कधी कधी निधी देणाऱ्याकडे असतो. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येईल असा बे-डोल कायदा १९८० मध्ये आला आणि नंतर बऱ्याच देशांनी आपापल्या पद्धतीने तशी सोय केली. तुम्ही करायचं पहिलं काम म्हणजे संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण विभागाला लेखी कळवणं. नुसतं तोंडी "सरांना माहितीये" हे चालत नाही.

४. आधी पेपर की आधी पेटंट?

आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर. दोन्ही होतं, फक्त क्रम चुकू देऊ नका. लोकांना वाटतं पेटंटसाठी थांबलो तर पेपर दोन वर्षं अडकेल, तसं अजिबात नाहीये. अर्ज दाखल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर पाठवता येतो. भारत, अमेरिका अशा देशांत प्रोव्हिजनल अर्ज करता येतो, त्यात शोधाचं नीट वर्णन करून तारीख पक्की करायची आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. दुसऱ्या देशांत जायचं असेल तर त्याच १२ महिन्यांत पीसीटी अर्ज (एकाच अर्जाने अनेक देशांत पेटंट मागायची आंतरराष्ट्रीय सोय) करायचा, मग पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत बहुतेक देशांत प्रत्यक्ष खर्च पुढे ढकलता येतो. हा वेळ फार मोलाचा आहे, कारण एवढ्यात लायसन्स घेणारं कुणी सापडलं तर पुढच्या फीचा भार तेही उचलू शकतात.

पण एक लक्षात घ्या, प्रोव्हिजनल अर्जात जे लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. घाईत दोन पानं पाठवून द्यायची आणि डोस, तापमान, प्रमाणाच्या मर्यादा नंतर घालू म्हणायचं, असं केलेल्यांना पुढे फार त्रास झालेला मी पाहिलाय.

५. पोस्टर लावलाय / थीसिस लायब्ररीत गेलाय / पीपीटी ग्रुपवर फिरलीये. आता संपलं का सगळं?

लगेच हातपाय गाळू नका, पण आजच कळवा, कारण घड्याळ चालू झालेलं असतं. अमेरिकेत आणि जपानमध्ये स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत आहे, युरोपात जवळजवळ काहीच नाही, भारतात ठरावीक प्रसंगांपुरती आहे, म्हणजे विद्वत्सभेत वाचलेला पेपर किंवा अधिसूचित प्रदर्शन वगैरे. त्यामुळे कुठे, कधी, किती तपशिलात दाखवलं यावर सगळं ठरतं.

"नुसता पोस्टर होता, कॉपी कुणालाच दिली नाही" हे खूप जण सांगतात. यावर अमेरिकेतला २००४ चा क्लोपफेनस्टाइन खटला बघा. सोयाबीनच्या फायबरवरच्या कामाचा पोस्टर धान्य-रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत अडीच दिवस आणि नंतर कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या कृषी प्रयोग केंद्रात एक दिवसापेक्षाही कमी लावला होता, प्रती वाटल्या नव्हत्या, तरी कोर्टाने ती प्रसिद्धीच धरली आणि दोन वर्षांनी केलेला अर्ज गेला. थीसिसचंही तेच, १९८६ च्या एका निकालात जर्मनीतल्या लायब्ररीत सूचीत नोंद झालेला एकच थीसिस पुरेसा ठरला होता. त्यामुळे थीसिस जमा करताना ठरावीक काळ बंद ठेवायची विनंती करता येते का ते आधीच विचारा. आणि पोस्टरवर फक्त रिझल्टचा ग्राफ असेल, तो कसा मिळवला हे नसेल, तर बराचसा भाग अजून वाचू शकतो. तो पोस्टर जसाच्या तसा आम्हाला पाठवा.

६. मी नवीन वाण काढलंय. त्याला पेटंट मिळतं का?

देशाप्रमाणे बदलतं. भारतात आणि युरोपात वनस्पतींच्या वाणांना पेटंट मिळत नाही, त्यासाठी वाण संरक्षणाचा वेगळा कायदा आहे. अमेरिकेत १९३० पासून कलम, डोळा भरणे अशा मार्गांनी वाढवायच्या झाडांसाठी प्लांट पेटंट आहे. वाण संरक्षणात तीन गोष्टी शेतावर तपासल्या जातात: इतर वाणांपेक्षा वेगळं दिसतं का, सगळी झाडं एकसारखी येतात का आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं का. शिवाय ते व्यापाराच्या दृष्टीने नवीन हवं, त्याची गंमत प्रश्न ७ मध्ये. युपोव्ह हा वाण संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ चा, त्याच्या १९९१ च्या आवृत्तीप्रमाणे किमान २० वर्षं आणि झाडं-वेलींना २५ वर्षं संरक्षण मिळतं. भारत त्या करारात नाही, इथे २००१ च्या कायद्याने पिकांना १५ आणि झाडं-वेलींना १८ वर्षं आहेत, आणि शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवायचा, वापरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. हा हक्क हिशोबात धरूनच धंद्याचं गणित मांडा, तो अडथळा समजू नका, त्याच शेतकऱ्यांच्या बियाण्यातून तुमचा जनक वाण आलेला असतो.

नावाबद्दल एक गोष्ट. वाणाचं नाव आणि ब्रँडचं नाव वेगळं ठेवा. पश्चिम ऑस्ट्रेलियात निघालेल्या सफरचंदाच्या वाणाचं नाव क्रिप्स पिंक, ट्रेडमार्क मात्र पिंक लेडी. वाणाचं संरक्षण संपलं की वाणाचं नाव सगळ्यांचं होतं, ट्रेडमार्क नूतनीकरण करत ठेवता येतो.

७. बियाणं आधीच शेतकऱ्यांना दिलंय. वाण नवीन धरलं जाईल का?

दिलं म्हणजे नेमकं काय केलं? ट्रायलसाठी दिलं आणि बी परत आलं, किंवा तुमच्याच देखरेखीखाली राहिलं, तर साधारण अडचण येत नाही. विकलं असेल तर मुदत मोजायची: ज्या देशात अर्ज करताय तिथे पहिल्या विक्रीपासून एक वर्ष, परदेशात विक्री झाली असेल तर चार वर्षं, झाडं आणि वेली असतील तर सहा. कृषी प्रदर्शनात "नमुना पाकीट" म्हणून पैसे घेऊन दिलेलं बी हीसुद्धा विक्रीच आहे, आणि नेमकं तेच लोक सांगायचं विसरतात. ट्रायलला बी देताना एक पानाचं पत्र करा की हे चाचणीपुरतं आहे, पुढे कुणाला द्यायचं नाही, उरलेलं परत करायचं. तारीख आणि सही, बस.

८. मातीतून एक भन्नाट जिवाणू वेगळा केलाय. तो माझा झाला का?

जिवाणू तुमचा नाही होत, पण त्याच्याभोवती तुम्ही जे उभं कराल ते तुमचं होऊ शकतं. याबद्दलचा सगळ्यात जुना धडा आपल्याच क्षेत्रातला आहे. शेंगवर्गीय पिकांसाठी रायझोबियम या मुळांच्या गाठींत राहून नत्र देणाऱ्या जिवाणूच्या एकमेकांना न मारणाऱ्या जाती शोधून त्यांचं मिश्रण एकाने पेटंट केलं होतं, आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फंक ब्रदर्स खटल्यात ते रद्द केलं, का तर प्रत्येक जिवाणू पूर्वी करत होता तेच काम अजून करतोय. भारतातही निसर्गात आहे तसा सापडलेला सजीव पेटंटमध्ये बसत नाही. पण तो टिकवायची पद्धत, वाहक पदार्थ, दोन जातींनी एकत्र येऊन दिलेला अनपेक्षित परिणाम, बनवायची प्रक्रिया, यात बरंच काही बसतं, आणि खरं सांगायचं तर प्रॉडक्टची किंमतही तिथेच तयार होते.

दोन कामं वेळेवर करा. एक, जिवाणूचं वर्णन कागदावर पुरेसं होत नसेल तर अर्जाच्या आधी १९७७ च्या बुडापेस्ट करारातल्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याबद्दलचा करार) मान्यताप्राप्त संग्रहात तो जमा करा. दुसरं, नमुना कुठून आणला याची नोंद. जैवविविधता करार १९९२ चा आणि नागोया प्रोटोकॉल २०१० चा, त्यामुळे दुसऱ्या देशातून, बऱ्याचदा स्वतःच्या देशातूनही, जैविक साहित्य घेऊन व्यापार करायचा तर परवानगी आणि लाभातला वाटा आला. जनुकपेढीतून प्रमाणित करारावर घेतलेलं बी असेल तर तो करार शोधून काढा, त्यातून निघालेलं प्रॉडक्ट इतरांना पुढच्या संशोधनासाठी मोकळं ठेवलं नाही तर विक्रीच्या १.१ टक्के, त्यातून ३० टक्के वजा करून, द्यावे लागतात. दहा वर्षांपूर्वी मित्राने डब्यातून आणून दिलेली माती हा विनोदाचा विषय वाटतो, पण करार होताना कंपनीचा वकील सगळ्यात आधी तेच विचारतो.

९. मूळ कल्पना शेतकऱ्यांकडून मिळाली. लिहू का नको?

लिहा. नाव, गाव, तारखेसकट स्वतःच्या वहीत लिहा आणि अर्जात पारंपरिक ज्ञानाचा उल्लेख करा. लपवून टिकत नाही. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याचं युरोपियन पेटंट १९९४ मध्ये मंजूर झालं, २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मेक्सिकोत विकत घेतलेल्या पिवळ्या घेवड्यावर १९९९ मध्ये अमेरिकेत मिळालेलं एनोला पेटंटही कोलंबियातल्या सियाट या शेती संशोधन संस्थेने आव्हान दिल्यावर २००९ मध्ये शेवटी गेलंच, तसलाच घेवडा त्यांच्या जनुकपेढीत आधीपासून होता. जे लोकांना माहीतच होतं त्यावर हक्क मागू नका, त्यात तुम्ही स्वतः काय भर घातली तेवढ्यावर मागा.

शेतकऱ्याचं ऐकल्याने केवढं घडू शकतं ते बघायचं तर १९३३ चा विस्कॉन्सिन. हिमवादळात एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा सडलेला चारा घेऊन मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या लॅबमध्ये पोचला. त्या चाऱ्यातलं रसायन शोधायला सहा-सात वर्षं गेली, पुढे त्यातूनच रक्त गोठू न देणारं वॉरफरिन आलं, आधी उंदीर मारायला आणि १९५४ पासून माणसांचं औषध म्हणून. इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं विस्कॉन्सिन विद्यापीठाचं संशोधन सांभाळणाऱ्या वॉर्फ (WARF) या संस्थेची आहेत.

१०. कंपनीशी पहिल्या भेटीत किती सांगायचं?

काय होतं ते सांगा, कसं होतं ते सांगू नका. "अमुक रोग एवढ्या टक्क्यांनी कमी झाला, तीन ठिकाणी, दोन हंगाम" इथपर्यंत ठीक. घटक, प्रमाण, जात, प्रक्रिया हे गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावर. नमुना द्यायची वेळ आली तर वेगळा साहित्य हस्तांतरण करार करा आणि त्यात विश्लेषण करून घटक शोधायचे नाहीत ही ओळ घालाच. आणि हो, पहिल्या भेटीत बोलण्यापेक्षा विचारा जास्त, त्यांची विक्री कुठल्या महिन्यात होते, डीलरला काय मार्जिन लागतं, मागचं असलं प्रॉडक्ट का बंद पडलं. एवढ्याने तुमच्या पुढच्या ट्रायलचा आराखडाच बदलतो, माझा अनुभव आहे.

११. लायसन्स द्यावं की स्वतःची कंपनी काढावी?

तुम्हाला पुढची पाच वर्षं सकाळी उठून काय करायचंय यावर आहे. कंपनी म्हणजे वसुली, वाहतूक, तक्रारी, पगार, त्यात संशोधन मागे पडतं आणि पडणारच. तुमचं तंत्रज्ञान एखाद्या मोठ्या कंपनीच्या चालू प्रॉडक्टमध्ये सहज बसत असेल, उदाहरणार्थ एखादं बीजप्रक्रियेचं कोटिंग, तर लायसन्स. ते बाजारात नवीनच प्रकारचं असेल आणि कुणालाही ते कुठल्या कप्प्यात टाकावं कळत नसेल तर बऱ्याचदा कंपनी काढण्यावाचून इलाज नसतो. मधला मार्गही आहे, धंदा सांभाळणारा माणूस वेगळा आणि तुम्ही सल्लागार. माझं मत विचाराल तर हाच मार्ग जास्त लोकांना झेपतो. नोकरीत असताना संचालक होता येतं का, रजा मिळते का, हे संस्थेच्या नियमात बघा.

१२. कंपनी म्हणते एकट्यालाच द्या. द्यावं का?

प्रॉडक्ट कच्चं असेल आणि कंपनीला नोंदणी, कारखाना यावर मोठा खर्च करायचा असेल तर तिची मागणी रास्त आहे. तयार वाण असेल तर बहुतेक वेळा अनेकांना द्यावं. मिनेसोटा विद्यापीठाचं हनीक्रिस्प सफरचंद घ्या, संकर १९६० चा, प्रसारण १९९१ मध्ये, कुठल्याही नर्सरीला घेता येत होतं, झाड सगळीकडे गेलं, आणि पेटंट २००८ मध्ये संपलं. नंतरच्या एका वाणाच्या वेळी त्यांनी उलटं केलं, स्वीटँगो या ब्रँडखाली एका मोठ्या बागायतदार कंपनीला हक्क दिले, तर इतर उत्पादक कोर्टात गेले, आमच्या करातून निघालेलं वाण आम्हालाच का नाही म्हणून. दोन्ही बाजूंना कारणं होती. मी सुचवतो ते असं, एकट्याला द्यायचंच असेल तर पूर्ण नका देऊ, पिकापुरतं, प्रदेशापुरतं किंवा काही वर्षांपुरतं द्या, आणि प्रश्न १८ मधली अट घालून द्या.

१३. रॉयल्टी किती मागायची?

टक्का सगळे विचारतात, कशाचा टक्का ते कुणी विचारत नाही. निव्वळ विक्रीवर असेल तर निव्वळ म्हणजे काय काय वजा होतं ते करारात लिहून घ्या. डीलरची सूट, परत आलेला माल हे वजा होणं ठीक, जाहिरातीचा खर्च वजा होत असेल तर तुमच्या हातात फारसं उरत नाही. स्वस्त आणि टनावारी विकल्या जाणाऱ्या वस्तूला टक्क्यापेक्षा किलोमागे ठरावीक रक्कम सोपी पडते, हिशोब तपासता येतो. सुरुवातीची रक्कम लहान चालेल पण वर्षाची किमान रॉयल्टी ठेवा आणि वह्या तपासायचा हक्कही.

१४. यात पीएचडीच्या विद्यार्थ्याचा वाटा असतो का?

त्याने शोधात बुद्धीने भर घातली असेल तर तो शोधकर्ता आहे, आणि शोधकर्त्याचं नाव मुद्दाम गाळलं तर पेटंटच धोक्यात येऊ शकतं. सांगितलेली कामं केली असतील तर पेपरमध्ये लेखक होईल पण पेटंटमध्ये नाही. हे बोलणं अवघड जातं म्हणून लोक टाळतात आणि मग नाती तुटतात. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कृषी संस्थेतच मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या कामातून १९४३ मध्ये सापडलं, आल्बर्ट शॅट्झ तेव्हा सेल्मन वाक्समन यांचे विद्यार्थी होते, १९५० मध्ये त्यांनी खटला भरला आणि तडजोडीत त्यांना सहशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीचे ३ टक्के मिळाले. अर्ज भरायच्या दिवशीच सगळ्यांनी एका टेबलाशी बसून टक्केवारी लिहून सह्या करा.

१५. पेटंट मिळालं म्हणजे आता विकायला मोकळे ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. पेटंट दुसऱ्याला थांबवायचा हक्क देतं, तुम्हाला विकायची परवानगी देत नाही. तुमच्या प्रक्रियेत वापरलेली एखादी पायरी दुसऱ्याच्या पेटंटमध्ये असू शकते. इंगो पोट्रिकुस आणि पीटर बेयर यांनी २००० मध्ये गोल्डन राइस, म्हणजे अ जीवनसत्त्वासाठी जनुक बदललेला तांदूळ, जाहीर केला तेव्हा त्यात वापरलेल्या तंत्रांची छाननी झाली आणि ३२ मालकांची सुमारे ७० पेटंट त्याला लागू होऊ शकतात असं निघालं. शेवटी सिंजेंटा या बियाणं-औषध कंपनीमार्फत वाटाघाटी होऊन, विकसनशील देशांत वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ते मोफत ठरलं. लॅबमध्ये "संशोधनापुरतं" म्हणून घेतलेलं व्हेक्टर (जनुक पेशीत नेणारा डीएनए), सॉफ्टवेअर, जनक ओळ यांची यादी आजपासूनच ठेवा. आणि सरकारी नोंदणी वेगळी, ती खाली.

१६. नोंदणीला किती डेटा लागतो? जैविक असेल तर सूट मिळते का?

जैविकाला बहुतेक ठिकाणी कमी डेटा लागतो, शून्य कधीच नाही. खरा घोळ दाव्यात होतो. तेच प्रॉडक्ट "वाढ सुधारतं, ताण सहन होतो" म्हणून विकलं तर बायोस्टिम्युलंट, "करपा थांबवतं" म्हटलं की कीडनाशक कायदा लागू, विषारीपणाचा डेटा, वेगळा परवाना, वेगळी वर्षं. युरोपात २०१९ च्या खत नियमावलीत आणि भारतात २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट आले, त्यामुळे आता पूर्वीसारखं अधांतरी राहता येत नाही. लेबलवरचं वाक्य आधी ठरवा आणि त्या वाक्यासाठी ट्रायल करा, उलटं केलं तर हंगाम वाया जातो.

ट्रायल वेगवेगळ्या मातीत, वेगवेगळ्या हवामानात, निदान दोन हंगाम. आणि शेतकरी आज जे वापरतो त्याच्याशी तुलना हवीच, नुसता कोरा प्लॉट पुरत नाही. परदेशात जायचं तर परत सगळं, आयआयटीए ही आफ्रिकेतली शेती संशोधन संस्था आणि अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी केलेलं अफ्लासेफ बघा, धान्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कमी करायला, विष न बनवणारी बुरशी उगवणार नाही अशा केलेल्या ज्वारीच्या दाण्यावर लावून हेक्टरी १० किलो शेतात टाकायची, कल्पना एकच, पण प्रत्येक देशासाठी स्थानिक जाती शोधून वेगळी नोंदणी करावी लागली.

१७. माझ्या शोधात विकण्यासारखी वस्तूच नाहीये, पेरणीचं अंतर बदललंय फक्त. मग?

मग मोकळेपणाने प्रसिद्ध करा. पेरणीची तारीख, अंतर, पाण्याची पाळी यावर भारतात पेटंट मिळतही नाही आणि मिळालं असतं तरी बांधाबांधावर जाऊन कोण तपासणार होतं. त्यासाठी लागणारं अवजार किंवा मोबाइल ॲप निघत असेल तर तेवढं बघू. नाहीतर विस्तार यंत्रणेला द्या, जितक्या लवकर तितकं चांगलं.

१८. कंपनीने लायसन्स घेतलं आणि दोन वर्षं काहीच केलं नाही. परत मागता येतं का?

करारात काय लिहिलंय त्यावर. प्रगतीची अट असेल, म्हणजे अमुक तारखेपर्यंत नोंदणीचा अर्ज, अमुक हंगामापर्यंत पहिली विक्री, नाही झालं तर हक्क परत किंवा निदान एकट्याचे हक्क संपले, तर लेखी नोटीस द्या, करारातली मुदत जाऊ द्या आणि परत घ्या. अट नसेल तर किमान रॉयल्टी थकलीये का बघा, तिथून रस्ता निघतो. तेही नसेल तर भांडायच्या आधी भेटा, कारण पुष्कळदा कंपनी मुद्दाम दाबून बसलेली नसते, ज्या माणसाने ते लायसन्स घेतलं तो नोकरी सोडून गेलेला असतो आणि फाईल कुणाच्या टेबलावर आहे हेच तिथे कुणाला माहीत नसतं. एका संशोधिका बाई अशाच चिडून आल्या होत्या, आम्ही फक्त सहा ओळींचं पत्र लिहिलं की हे वापरणार नसाल तर परत द्या, दुसरं कुणीतरी तयार आहे. तीन आठवड्यांत सही केलेला कागद परत आला, आणि येत्या हंगामात त्यांचं बियाणं दुसऱ्या कंपनीच्या पिशवीत पेरणीला जातंय.